सहल बर्फावरची, हिशेब घरचा

पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत जाण्याचा खेळ, म्हणजेच स्कीइंग, हा केवळ धनिकांचा छंद आहे असा समज आपल्याकडे रूढ आहे. वस्तुतः काश्मीरमधील गुलमर्ग येथे सामान्य नोकरदारालाही हा खेळ शिकता येतो. श्रीनगरपासून सुमारे ५० किलोमीटर अंतरावर, सुमारे २,६५० मीटर उंचीवर हे ठिकाण वसले आहे. दहा-बारा सहकाऱ्यांनी मिळून जाण्याचे ठरविल्यास वाहन, खोल्या आणि प्रशिक्षकाचे मानधन यांचा भार वाटला जातो. डिसेंबरचा पहिला पंधरवडा निवडल्यास नाताळ आणि नववर्षाची दरवाढही टळते. मात्र या स्वस्ताईला एक मोठी अट जोडलेली असते : त्या काळात पुरेसा बर्फ असेलच, याची शाश्वती नसते.

बर्फाचे वेळापत्रक

काश्मिरी परंपरेनुसार कडाक्याच्या थंडीचे चाळीस दिवस, म्हणजे ‘चिल्लई कलान’, २१ डिसेंबरला सुरू होतात. त्यापूर्वीही हिमवर्षाव होतो. परंतु स्कीइंगसाठी गवत आणि दगड पूर्णपणे झाकणारा, दाबून बसलेला थर आवश्यक असतो. पातळ थरावर नवशिक्याला इजा होण्याची शक्यता अधिक. ऐन हंगामातही निसर्ग हुलकावणी देतो. जानेवारी २०२४ मध्ये बराच काळ गुलमर्गचे उतार कोरडे होते, तर २०२५ मध्ये फेब्रुवारीत ठरलेल्या तेथील खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी मार्चमध्ये घ्याव्या लागल्या. म्हणूनच हिवाळ्याच्या प्रारंभीची स्वस्त सहल म्हणजे केवळ कमी दराची सहल नव्हे. ऐनवेळी रद्द करावी लागली तरी कमीत कमी नुकसान होईल, ती खरी स्वस्त सहल.

खर्चाचे तीन भाग

समजा, एका कार्यालयातील बारा जणांनी दरडोई ३०,००० रुपयांचे अंदाजपत्रक आखले. आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. प्रवासासाठी ८,०००, निवास व भोजनासाठी १२,०००, स्कीइंगसाठी ६,००० आणि राखीव ४,००० रुपये. संपूर्ण रक्कम एखाद्या पॅकेजमध्ये आगाऊ भरली आणि परताव्याची तरतूद नसली, तर बर्फ न पडल्यास ती सर्वच धोक्यात येते. त्याऐवजी निवासाचा केवळ चौथा हिस्सा, म्हणजे ३,००० रुपये आगाऊ द्यावा, तारीख जानेवारीच्या उत्तरार्धात बदलून मिळेल असे हॉटेलकडून लेखी घ्यावे आणि स्कीइंगचे साहित्य व प्रशिक्षक यांचे पैसे तेथे पोहोचल्यावरच द्यावेत. असे केल्यास सहल रद्द झाली तरी दरडोई नुकसान ही आगाऊ रक्कम आणि तिकीट रद्द करण्याचे शुल्क यांपुरतेच मर्यादित राहते.

रेल्वेचे आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते. ६ जून २०२५ रोजी कटरा ते श्रीनगर रेल्वेसेवेचे उद्घाटन झाल्याने हिवाळ्यात वारंवार बंद पडणाऱ्या जम्मू-श्रीनगर महामार्गाला पर्यायही उपलब्ध झाला आहे. तिकीट रद्द करण्याचे शुल्क गाडीची वेळ जवळ येते तसे वाढत जाते. म्हणून ‘जायचे की नाही’ या निर्णयाचा दिवस प्रस्थानापूर्वी आठ-दहा दिवस आधीचा निश्चित करावा. त्या दिवशी हवामान खात्याचा अंदाज आणि स्थानिक प्रशिक्षकाने सांगितलेली बर्फाची स्थिती पाहून सर्वांनी मिळून निर्णय घ्यावा.

काटकसर कोठे करावी, कोठे करू नये

पट्ट्या, बूट आणि काठ्या तेथेच भाड्याने मिळतात; त्या विकत घेण्याचे कारण नाही. नवशिक्याला शिकण्यासाठी पायथ्याजवळील सौम्य उतार पुरेसे असतात. गोंडोलाचा अफरवटपर्यंतचा दुसरा टप्पा हा त्याच्या दृष्टीने हौसेचा खर्च होय. मात्र प्रशिक्षक आणि विमा यांत काटकसर करू नये. अनेक प्रवास विमा पॉलिसींत साहसी खेळांतील दुर्घटना वगळलेल्या असतात. ते कलम पॉलिसी घेण्यापूर्वीच वाचावे.

पैसा कोणाच्या हाती?

सामूहिक सहलीत वाद उद्भवतात ते बहुधा हिशेबावरून. सर्वांचे पैसे एकाच्या वैयक्तिक खात्यात साठवले की त्याच्या घरखर्चात ते नकळत मिसळतात आणि प्रामाणिक माणूसही संशयाच्या छायेत येतो. यावर सोपा उपाय असा : प्रत्येकाने स्वतःच्या नावे जानेवारीपासून दरमहा ३,००० रुपयांची दहा महिन्यांची आवर्ती ठेव उघडावी. नोव्हेंबरमध्ये ३०,००० रुपये व्याजासह हाती येतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भराव्या लागणाऱ्या तिकिटांच्या व आगाऊ रकमेपुरती वर्गणी तेवढी निराळी काढावी आणि ती दोघांच्या संयुक्त सहीने चालणाऱ्या खात्यात ठेवावी. गळती झाल्यास कोणाला किती परत मिळेल, हेही आरंभीच कागदावर लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्यात.

दरडोई रक्कम ठरविताना एक पथ्य विशेष महत्त्वाचे आहे. ती गटातील सरासरी पगारावर नव्हे, तर सर्वांत कमी वेतन असलेल्या सहकाऱ्याच्या ऐपतीवर ठरवावी. ‘रजा मिळत नाही’ असे सांगून मागे राहणारा सहकारी अनेकदा पैशांअभावीच मागे राहिलेला असतो. तसे उघडपणे सांगणे त्याला जड जाते. दहा महिने आधी आरंभ केल्यास त्याचाही हप्ता पेलण्याजोगा होतो.

बर्फ पडणे कोणाच्याच हाती नाही. परंतु वेळीच केलेल्या बचतीने आणि चोख हिशेबाने एवढे निश्चित साधते की, बर्फ पडला तर बाराही जण सोबत असतील आणि न पडला तर बाराही जणांचा स्नेह अबाधित राहील.