सायकल अंगाच्या मापाची हवी

सायकल निवडायची कशी, हा प्रश्न आमच्या पिढीला कधी पडला नाही. दुकानात बावीस किंवा चोवीस इंची काळी सायकल उभी असायची. वडील घंटी वाजवून, चाक फिरवून पाहायचे आणि सायकल घरी यायची. तिच्या मापाचं व्हायचं काम आपलं. पाय पुरत नसतील तर दांडीखालून पाय घालून कैची मारायची. आता काळ बदलला. सकाळी वर्ध्याहून सेवाग्रामच्या किंवा पवनारच्या रस्त्यानं निघालं, की वाकड्या हँडलच्या, बारीक टायरच्या सायकली सुळकन बाजूनं जातात. विदर्भात हे वेड वाढायला कारणही तसंच घडलं. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची 'रेस अक्रॉस अमेरिका' एकट्यानं पूर्ण केली. त्याआधी २०१५ मध्ये नाशिकच्या डॉक्टर महाजन बंधूंनी दोघांच्या संघानं ती पूर्ण केली होती. आपल्यातला माणूस हे करतो म्हटल्यावर पोरांना स्फुरण चढणारच.

माझ्या भाचीलाही ते चढलं. नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांत तिनं पन्नास हजार रुपये बाजूला टाकले आणि मला विचारलं, "मामू, क्लॅरिस घेऊ की टियाग्रा?" ही गिअरची नावं. मी कविता लिहिणारा माणूस, पण काही वर्षं अशी सायकल चालवतो, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे आला. मी म्हटलं, "बेटा, आधी तुझ्या पायाचं माप घेऊ."

तिला दोनशे किलोमीटरची 'ब्रेव्हे' करायची आहे. ही शर्यत नसते. ठरलेल्या वेळेत ठरलेलं अंतर कापायचं, एवढंच. दोनशे किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात. भागाकार करून पाहा. ताशी पंधरा किलोमीटरसुद्धा पडत नाहीत. म्हणजे अडचण वेगाची नाहीच. प्रश्न असा, की त्या सीटवर तेरा तास बसवेल का? मैत्रिणीची मोठ्या मापाची सायकल घेऊन ती एकदा साठ किलोमीटर गेली, तर दोन दिवस तिच्या हाताच्या करंगळ्या बधिर होत्या. पन्नास हजारांत असं दुखणं विकत घ्यायचं नसेल, तर सुरुवात मापापासून करावी.

अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं राहावं. दोन पायांमध्ये एक जाड पुस्तक सीटसारखं वर दाबून धरावं आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावावा. हे झालं पायाचं माप. हे आणि आपली उंची घेऊन कंपनीच्या तक्त्यात फ्रेमचा आकार पाहावा. दोन आकारांच्या मध्ये आपण येत असू, तर दोन्हींवर बसून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. सीट वरखाली करता येते, पण हँडल सीटपासून किती लांब आणि किती खाली आहे, हे मुख्यत्वे फ्रेमच ठरवते. शर्यतीच्या सायकलीत माणूस पुढे वाकतो, लांब पल्ल्याच्या सायकलीत थोडा ताठ बसतो. पहिली सायकल दुसऱ्या प्रकारची असावी.

सीटची उंची ठरवायला साधी युक्ती आहे. पेडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवावी. गुडघा सरळ झाला पाहिजे. मग नेहमीसारखा चवडा ठेवला की गुडघ्यात थोडा बाक राहतो, तोच हवा. गुडघा पुढून दुखत असेल तर बहुधा सीट खाली आहे. मागून दुखत असेल तर बहुधा वर. हात बधिर होत असतील तर हँडल फार लांब आहे, किंवा सीटचं टोक खाली झुकल्यामुळे अंगाचा भार तळव्यांवर येतो आहे.

दुसरी गोष्ट टायर. डनलॉप यांनी १८८८ मध्ये मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी हवेचा टायर बनवला, तो धक्के बसू नयेत म्हणून. पुढे शर्यतवाल्यांनी टायर बारीक करत आणले, कितीतरी वर्षं २३ मिलिमीटरचा टायर म्हणजे प्रतिष्ठा. आता तेही २८ आणि त्याहून रुंद टायरवर आले आहेत. खडबडीत रस्त्यावर दगडासारखा कडक टायर उड्या मारतो आणि त्यात आपलीच ताकद वाया जाते. आपल्याकडे तर डांबराच्या कडेला गिट्टी, पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल आणि बाराही महिने बाभळीचे काटे. तेव्हा २८ किंवा ३२ चा टायर बसेल अशी फ्रेम घ्यावी. साठ-पासष्ट किलोच्या माणसाला २८ च्या टायरमध्ये सत्तर पौंडांच्या आसपास हवा पुरते. फार कमी ठेवली तर खड्ड्यात ट्यूब रिमखाली चिमटून फाटते. आणखी एक, या सायकलींच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बहुधा बारीक, वेगळ्या जातीचा असतो. कोपऱ्यावरच्या दुकानातला पंप त्याला बसत नाही. त्याचं पितळी टोपण थोडक्या पैशांत मिळतं, ते खिशात असावं.

आता गिअर. आज गिअरशिवाय रोड बाईकची कल्पना करवत नाही, पण फ्रान्सच्या प्रसिद्ध शर्यतीत, 'टूर द फ्रान्स'मध्ये, साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणारी यंत्रणा सर्वांना वापरायला मिळाली ती १९३७ मध्ये. त्याआधी चढ आला की स्पर्धक खाली उतरून मागचं चाक उलटं बसवत, कारण दुसऱ्या बाजूला वेगळी चकती असे. शिमानो कंपनीच्या क्लॅरिसमध्ये मागे आठ चकत्या, सोरामध्ये नऊ, टियाग्रामध्ये दहा. आता या पायऱ्यांवर 'क्यूज' नावाची नवी मालिकाही आली आहे. चकत्या वाढल्या की दोन गिअरमधलं अंतर कमी होतं, पाय एका लयीत राहतो. पण सगळ्यांत हलका आणि सगळ्यांत जड गिअर स्वस्त सायकलीतही जवळपास तेच असू शकतात. पुढे ३४ दाते आणि मागेही ३४ असले, तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे दोन मीटर सरकते. पुढे ५० आणि मागे ११ असले तर साडेनऊ मीटर. वर्ध्याच्या सपाट रस्त्यांवर मधले गिअरच चालतात. तळेगावच्या सत्याग्रही घाटात मात्र तो ३४ चा हलका गिअर देवासारखा धावून येतो. म्हणून दुकानात चकत्या किती यापेक्षा मागची सगळ्यांत मोठी चकती किती दात्यांची, हे विचारावं.

ब्रेकचं थोडक्यात. रिमला दाबणारा ब्रेक हलका, दुरुस्तीला सोपा. पण पावसात ओला झाला की उशिरा धरतो आणि चिखल रिम खातो. डिस्क ब्रेक पावसात भरवशाचा. आपल्याकडे चार महिने पाऊस, तेव्हा बजेटमध्ये बसत असेल तर डिस्कच घ्यावा.

आणि मग सुरू होतो खरा मोह, सुटे भाग बदलण्याचा. गझल लिहिणाऱ्याला वजनाचा सोस असतोच, पण सायकलवाल्यांचा त्याहून मोठा. तीनशे ग्रॅम कमी करण्यासाठी लोक पंधरा-वीस हजार मोजतात. तीनशे ग्रॅम म्हणजे बाटलीतलं दीड पेला पाणी! सपाट रस्त्यावर आपण वजनाशी नाही, वाऱ्याशी झगडत असतो. ताशी वीसवरून पंचवीसवर जायचं तर वारा कापायला जवळपास दुप्पट ताकद लागते, आणि त्या वाऱ्याला सर्वांत जास्त आडवं येतं ते आपलं शरीर. म्हणून बदलाचा क्रम असा ठेवावा. आधी सीट आणि गादी शिवलेली चड्डी. हँडल लांब पडत असेल तर त्याला पुढे धरणारा आखूड तुकडा. मग चांगले टायर. मग ब्रेकचे पॅड. त्यानंतर बुटाला अडकणारी पेडल, तीही मोकळ्या मैदानात सराव करून. पुढे हौस आणि पैसा दोन्ही उरलं तर हलकी चाकं. गिअरचा संच सगळ्यांत शेवटी, जुना झिजल्यावर. आठाच्या जागी दहा चकत्या घालायच्या तर हँडलवरचे खटके, मागची यंत्रणा, साखळी सगळंच बदलावं लागतं. त्या हिशेबात पहिल्यापासूनच वरची सायकल स्वस्त पडली असती.

साखळीकडे मात्र पहिल्या दिवसापासून लक्ष हवं. आपल्या धुळीत जाड तेल घातलं की त्याचा रंधा होतो आणि तो दाते झिजवतो. कोरड्या दिवसांत पातळ तेल, घालून झाल्यावर फडक्यानं पुसून; पावसाळ्यात चिकट तेल. साखळी किती ताणली हे मोजायची पट्टी स्वस्त मिळते. वेळेवर साखळी बदलली तर महागड्या चकत्या वाचतात. आणि चाकाचा आऊट काढणारा जुना कारागीर गावात असेल तर त्याला धरून ठेवा. आरे ताणण्याचं त्याच्या बोटांतलं ज्ञान नव्या सायकलीलाही तितकंच लागू पडतं.

भाचीच्या पन्नास हजारांतले बेचाळीस आम्ही सायकलीला ठेवले. उरलेल्या आठ हजारांत हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा, चकाकणारं जाकीट, पंप, दोन ट्यूब आणि ती चड्डी. ब्रेव्हेत दिवे आणि जाकीट लागतातच, पण नियम नसता तरी ते घेतले असते. नागपूर रस्त्यावर पहाटे ट्रकवाल्याला आपण दिसलो पाहिजे, एवढ्यासाठी. तुम्ही पहिली सायकल घेत असाल तर दुकानदाराला आधी गिअरचं नाव विचारू नका. टेप घेऊन जा, बसून पाहा, अर्धा तास चालवू द्या म्हणा. जो दुकानदार मापाला वेळ देतो, त्याच्याकडूनच सायकल घ्या. सवलत थोडी कमी मिळाली तरी चालेल.