मिटल्या डोळ्यांमागच्या लाटा

उंदराचं पिल्लू जन्मतं ते गुलाबी, उघडंबोडकं आणि आंधळं. पापण्या उघडायला साधारण १२ ते १४ दिवस लागतात. मग तोवर त्याच्या मेंदूतला पाहणारा भाग काय करत असेल? २०१२ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठात मायकल क्रेअर आणि त्यांचे सहकारी जिवंत पिल्लांच्या मेंदूत डोकावले, तेव्हा हा भाग मुळीच निजलेला नव्हता. तिथे राहून राहून लाटा उठत होत्या. पावसाची सर भाताच्या खाचरांवरून सरकत जावी, तशी चेतना एका कडेला जागी होऊन पुढे पुढे जायची आणि विरायची. थोडा वेळ शांतता, की पुन्हा दुसरी लाट.

या लाटा दिसतात कशा, हेही नवलाचंच. चेतापेशी चेतवली गेली की तिच्यात कॅल्शियम शिरतं. म्हणून कॅल्शियम भेटताच उजळणारं द्रव्य पेशीत असलं, की सूक्ष्मदर्शकाखाली मेंदूचं काम प्रकाशाच्या रूपात दिसू लागतं. आता तर पेशींनी असं प्रथिन स्वतःच घडवावं, अशी सोय उंदरांच्या जनुकांतच करता येते. त्यातला चमकणारा भाग मूळचा एका जेलीफिशचा. ओसामू शिमोमुरा यांनी पॅसिफिकच्या किनाऱ्यावर हजारो जेलीफिश गोळा करून तिचं हिरवं प्रथिन वेगळं केलं. या प्रथिनावरच्या कामासाठी २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल तिघांना मिळालं, त्यांत ते एक होते. समुद्रातल्या जिवाची चमक पिल्लाच्या मेंदूचं गुपित सांगते, हे मला कितीही वेळा वाचलं तरी नवंच वाटतं.

लाटा उगम पावतात डोळ्यातच, दृष्टिपटलावर. प्रकाशाचा त्यांत काही वाटा नाही. पेशी आपापसांत रसायनांची देवघेव करून एकमेकींना चेतवतात. एका लाटेत शेजारच्या पेशी जवळपास एकाच वेळी जाग्या होतात, लांबच्या वेगळ्या वेळी. कोण कोणाच्या शेजारी, हे मेंदूला या वेळेवरून उमगतं. एकत्र चेतवल्या जाणाऱ्या तंतूंचे जोड टिकतात, बाकीचे गळतात. डोळ्यापासून मेंदूपर्यंतचे धागे आधी अंदाजाने पसरलेले असतात, ते असे नेमक्या जागी बसत जातात. कार्ला शॅट्झ आणि मायकल स्ट्रायकर यांनी १९८८ मध्ये मांजरीच्या पोटातल्या पिल्लांमध्ये चेतापेशींचे संदेश औषधाने थांबवले, तेव्हा दोन डोळ्यांचे तंतू आपापल्या थरांत वेगळे झालेच नाहीत.

पण खरा थक्क करणारा शोध २०२१ चा, पुन्हा क्रेअर यांच्याच गटाचा. डोळे उघडण्याआधीच्या थोड्या दिवसांत या लाटा कुठूनही कुठेही जात नाहीत. त्यांचा कल एका ठरावीक दिशेकडे असतो. आपण पुढे चालतो तेव्हा आजूबाजूचं जग मागे सरकतं आणि त्याची प्रतिमा दृष्टिपटलावरून एका दिशेने वाहते. लाटांची दिशा तीच! ज्याने अजून जग पाहिलेलं नाही, धड पाऊलही टाकलेलं नाही, त्या पिल्लाचा डोळा पुढे धावताना जग कसं दिसेल याचा सराव मेंदूकडून करवून घेतो. हा सराव फुकट जात नाही. संशोधकांनी लाटांची ही दिशा बिघडवली, तेव्हा मध्यमेंदूतल्या पेशींची हालचालीची दिशा ओळखण्याची घडण बदलली.

माकडांच्या गर्भातल्या दृष्टिपटलावरही अशा लाटा नोंदवल्या गेल्या आहेत.