सव्वासातची बॅच

पहाटे ५

२१ जूनला योगदिनाचे फोटो निघतात आणि त्यानंतर फोन वाजायला लागतात. म्हणून वर्षातली सगळ्यात भरलेली नवी बॅच ऐन पावसात, जुलैत सुरू होते. हॉल कोथरूडमधला, एका कार्यालयाच्या वरच्या मजल्यावरचा. आदल्या दिवशी तिथे कुणाचं बारसं झालेलं असलं की कोपऱ्यात फुटके फुगे आणि फरशीवर पेढ्याचे कण. आधी झाडू, मग ओलं फडकं, मग सगळे पंखे. फरशी दमट राहिली तर मॅट सरकते, आणि नवा माणूस पहिल्या दिवशी घसरला की दुसऱ्या दिवशी येत नाही.

सकाळी ६

जुनी बॅच. यातले बरेच जण कोविडच्या आधीपासून येणारे. ‘त्रिकोणासन’ एवढा शब्द पुरतो. पाय आपसूक लांब जातात, पंजे वळतात. मी वाक्य अर्धवट सोडलं तर ते पुरं करून घेतात, डावं-उजवं उलट बोलले तरी बरोबर बाजूलाच झुकतात. जुने विद्यार्थी शिक्षकाला सांभाळून घेतात. तासाभरानंतर आपण फार छान शिकवतो असं वाटतं, आणि ते वाटणं साधारण पंधरा मिनिटं टिकतं.

सकाळी सव्वासात

कारण मग नवे येतात. त्यांना आसन माहीत नसतं, त्यामुळे त्यांच्यापाशी फक्त माझी सूचना असते आणि ती ते शब्दशः पाळतात. ‘श्वास घ्या’ म्हटलं की खांदे कानांशी जातात, छाती फुगते आणि पुढचा हुकूम येईपर्यंत सगळं तसंच थांबतं. तेवढ्यात मी कुणाचा तरी हात सरळ करायला मागच्या रांगेत गेलेली असते. इकडे अख्खा वर्ग श्वास कोंडून उभा! त्यात रक्तदाबाच्या गोळ्या घेणारेही असतात. म्हणून पहिला आठवडा मी श्वासाचं नावच काढत नाही. आसनात असताना सगळ्यांनी मोठ्याने आकडे मोजायचे. तोंडाने मोजणाऱ्याला श्वास रोखता येत नाही. पुस्तकात प्राणायामाची प्रकरणं कितीही असोत, नवख्यांना हाच पहिला धडा उपयोगी पडतो.

मग दंडासन: पाय पसरून नुसतं ताठ बसायचं. बघणाऱ्याला यात आसन असं काही दिसत नाही. हिंजवडीत कॉम्प्युटरसमोर दिवस घालवणारा तिशीतला मुलगा मात्र बसतो तोच मागे कलंडतो आणि हात टेकून स्वतःला सावरतो. मांड्यांच्या मागचे स्नायू बैठकीच्या हाडांना चिकटलेले असतात. ते आखडलेले असले की पाय सरळ करताच कंबर मागे ओढली जाते आणि पाठीला बाक येतो. त्याला ‘पाठ सरळ, पाठ सरळ’ म्हणत राहण्यात अर्थ नाही. करता आली असती तर केली नसती का त्याने? घडी घातलेली दोन ब्लँकेटं बुडाखाली सरकवली की कंबर वर उचलली जाते आणि पाठ न सांगता उभी राहते.

त्याच्या शेजारी पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या काकू. त्यांचं उलटं. मांडी, उकिडवं, वज्रासन, सगळं हसत. पण दोन्ही हात वर करून कानांना लावा म्हटलं की कोपर वाकतात आणि कंबर पुढे येते. आयुष्यभर ओट्यावर ओणवं होऊन लाटलेल्या पोळ्या खांद्यांत बसल्यात. पलीकडे रिक्षावाले दादा. उजवं मनगट आणि उजवा खांदा अॅक्सिलरेटर पिळून पिळून पुढे आलेला. ताडासनात उभे राहिले तरी एका अंगाने रिक्षा चालूच असते. या तिघांना एक सूचना पुरत नाही.

बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली शिकवायला पुण्यात आले आणि पुढे याच शहरात त्यांच्याकडे दोऱ्या, ठोकळे, पट्टे, खुर्च्या वर्गात आल्या. आता ही साधनं महागड्या स्टुडिओत भिंतीवर रांगेत टांगलेली दिसतात आणि ती निष्णातांची वाटतात. खरं तर ज्याचा हात जमिनीला पोचत नाही, त्याच्याकडे जमीनच वर आणायची सोय आहे ती. आधी उभी आसनं की आधी पाठीवरची, हा वाद शिक्षकांच्या वर्गात तासन्‌तास रंगतो. सव्वासातच्या बॅचमध्ये तो लगेच मिटतो: ज्याला खालून उठताना गुडघ्यावर हात दाबावा लागतो, त्याला आधी उभ्यानेच शिकवायचं, तेही भिंतीपाशी.

शेवटी शवासन. काकू मिनिटभरात घोरायला लागतात. एक-दोघांना हसू येतं. मी त्यांना उठवत नाही, बाकीच्यांना मात्र कुशीवर वळून सावकाश उठायला लावते. झटक्यात उठलं की चक्कर येते.

सकाळी ९

घर, डबे, आंघोळ, पोळ्या. माझेही खांदे ओट्यावरचेच.

दुपारी १२

नव्यांचे फॉर्म वाचायचे. पूर्वी त्यावर ‘काही आजार?’ असा रकाना होता आणि सगळे तिथे ‘नाही’ लिहीत. एका काकांनी ‘नाही’ लिहून खाली विचारलं होतं, ‘गोळी घेऊन आलं तर चालेल ना?’ तेव्हापासून रकाना बदलला: ‘रोज कुठल्या गोळ्या, कुठले थेंब घेता?’ आता कागदाच्या मागच्या बाजूपर्यंत यादी येते. लोक खोटं बोलत नव्हते. गोळीने आटोक्यात असलेली शुगर त्यांच्या लेखी आजार नसतो. आज एकीने डोळ्यांतल्या थेंबांचं नाव लिहिलंय, काचबिंदूचे आहेत. तिला डोकं खाली जाणारी आसनं द्यायची नाहीत, हे वहीत लाल पेनाने. एकाला हर्निया, पोटावर जोर येणारं काही नाही, आधी डॉक्टरांची चिठ्ठी.

दुपारी ४

ज्येष्ठ नागरिक संघात खुर्चीवरची आसनं. आज पाऊस, तिघंच आले. घोटे फिरवले, चहा झाला.

संध्याकाळी ७

नोकरीवाल्यांची नवी बॅच. कुणी दुपारचा वडापाव पोटात घेऊन, कुणी उपाशी. पोटभर जेवणानंतर तीन-चार तास जाऊ द्या, हे रोज सांगावं लागतं. पण संध्याकाळी माझा खरा अभ्यास वर्ग सुटल्यावर होतो, चपला घालता घालता विचारलेल्या प्रश्नांत. ‘घरी रोज करा’ हे आम्ही शिक्षक फार सहज म्हणतो. मॅट दोन फूट रुंद आणि सहा फूट लांब. ती पसरली की एकीच्या घरात कपाटाचं दार उघडत नाही. दुसऱ्याच्या बैठकीच्या खोलीत बाबा बातम्या लावून बसतात. अशांसाठी मी सगळा सराव उभ्याने बसवलाय: ओट्याच्या कडेला हात टेकून मागे सरायचं, पाठ लांब करायची, दाराच्या चौकटीला पंजे लावून छाती उघडायची. मॅट लागतच नाही.

आज जिन्यात एकीने गाठलं.

“मॅडम, ते ओट्यापाशी करायचं तेव्हा डोळे मिटायलाच पाहिजेत का?”

“का गं?”

“दूध असतं गॅसवर.”

“मग उघडेच ठेव. आणि गॅस बारीक कर.”

“बारीक केला तर वीस मिनिटं लागतात.”

“तेवढा वेळ पुरेल.”

तिने मोबाइल काढून लिहून घेतलं. मीही घेतलं.