दोन मिलिमीटरची ठिणगी

सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या गावोगाव फिरून जमवलेल्या त्या नोंदींत, पहिल्या वर्षांत बायकांमध्ये एकच आजार वरचढ दिसला: गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर.

गाठ पुढे गेलेली असेल तर मुख्य इलाज रेडिएशनचा. आधी बाहेरून, मग आतून. ब्रॅकीथेरपीत गर्भाशयात आणि योनिमार्गात नळ्या बसवून किरणांचा स्रोत गाठीजवळ नेतात. अडचण जागेची आहे. योनिमार्गाला मागून लागूनच गुदाशय. मधे गॉज ठासून डॉक्टर त्याला मागे सारतात, तरी त्याच्या पुढच्या भिंतीला थोडीफार मात्रा पोचतेच.

बाई कॅन्सरमधून उठते, शेतावर जायला लागते आणि बऱ्याचदा वर्ष-दोन वर्षांच्या आत संडासवाटे रक्त दिसतं. घरात निदान ठरलेलं असतं: मूळव्याध. नाहीतर मनात धडकी, ‘परत आला.’ काही जणी सांगायला लाजतात, हिमोग्लोबिन उतरत जातं आणि जिना चढताना धाप लागली की मग दवाखाना गाठतात.

गुदाशयात घडलेलं असतं ते असं: किरणांनी बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड होऊन त्यांची वाट बुजते, अस्तराला रक्त कमी पडतं. मग शरीर घाईने नव्या वाहिन्या काढतं. त्या इतक्या नाजूक की मळाच्या घासण्यानेही फुटतात. दुर्बिणीतून फिकट अस्तरावर लालभडक कोळिष्टकं दिसतात. दुसरा आजार नाही ना, याची खात्री करावी लागते. पण या पुढच्या भिंतीचा तुकडा उगाच काढत नाहीत. तिथली जखम भरत नाही आणि योनिमार्गाकडे भोक पडण्याची भीती असते.

रक्त थोडंच जात असेल तर पोट साफ ठेवणं आणि सुक्राल्फेट या औषधाचा एनिमा पुरतो. चंदीगडच्या पीजीआयमधल्या डॉ. राकेश कोछर यांच्या गटाने १९९१मध्ये हा साधा, स्वस्त एनिमा तुलनात्मक चाचणीत उपयोगी ठरवला. त्याने भागलं नाही की आर्गॉन यंत्राची पाळी.

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत हे तंत्र लवचीक दुर्बिणीसाठी बसवलं गेलं. दुर्बिणीच्या पोकळीतून बारीक नळी आत जाते. नळीतून आर्गॉन वायू वाहतो, टोकाशी उच्च वारंवारतेचा वीजप्रवाह त्याला प्लाझ्मा बनवतो आणि निळसर ठिणगी उडते. नळी अस्तराला टेकवायची नसते. अंतर ठेवून, पायाखालच्या पेडलने सेकंदाहून कमी वेळ ठिणगी द्यायची. लाल ठिपका पांढरट पडतो, मग पुढचा. भाजलेला थर सुकला की वीज तिथून नीट वाहत नाही, ती शेजारच्या ओल्या जागेकडे वळते. म्हणून इजा साधारण दोन-तीन मिलिमीटरच्या आतच राहते. मुळात रक्ताला महाग झालेल्या भिंतीवर काम करताना हा उथळपणाच कामाचा. एका बैठकीत सगळं जाळण्याचा हावरेपणा केला तर व्रण पडतात, मार्ग आकसतो. त्यामुळे काही आठवड्यांच्या अंतराने दोन-तीन बैठका लागू शकतात.

एक काटेकोर नियम मात्र आहे: आतडं पूर्ण साफ हवं. नुसत्या एनिमावर भागवलं तर मळातला हायड्रोजन आणि मिथेन आत उरतो, ठिणगीने स्फोट होऊ शकतो. असे अपघात वैद्यकीय साहित्यात नोंदले गेले आहेत. काम चालू असताना साचणारा आर्गॉनही अधूनमधून ओढून घ्यावा लागतो, नाहीतर पोट फुगतं.

हे यंत्र रक्त थांबवतं; घट्ट झालेली भिंत मऊ करत नाही. घाई, कळ, वारंवार जावं लागणं काहींना उरतंच. त्यामुळे खरी बचत आधीच्या टप्प्यावर आहे, आणि तिचाही पुरावा याच मुलखातला. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयाने आणि टाटा मेमोरियलने आंतरराष्ट्रीय संशोधकांसोबत ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून जास्त बायकांवर अभ्यास केला. २००९मध्ये निकाल आला: एचपीव्ही या विषाणूची एकदाच केलेली तपासणीही पुढे गेलेले कॅन्सर आणि मृत्यू जवळपास निम्म्यावर आणते. लवकर सापडलेल्या डागाला रेडिएशन लागतच नाही.

ज्यांना ते घ्यावंच लागलं, त्यांच्या सुट्टीच्या कागदावर एक ओळ ठळक हवी: पुढे कधीही संडासवाटे रक्त गेलं तर मूळव्याधीचं औषध आणू नका, रेडिएशनचे कागद घेऊन या.