मिउरा : दोषांतून घडत गेलेली गाडी

१९६५ साली तुरीनच्या प्रदर्शनात लाम्बोर्गिनीने मांडलेल्या सांगाड्याला अद्याप देहही लाभला नव्हता; परंतु चालकाच्या पाठीमागे आडवे बसविलेले बारा सिलिंडरांचे, चार लिटरांचे इंजिन ही रस्त्यावरच्या गाडीसाठी अपूर्व तजवीज होती. जियान पाओलो दालारा व त्यांच्या तरुण सहकाऱ्यांच्या या कल्पनेस फेरुच्चिओ लाम्बोर्गिनी यांनी मंजुरी दिली, आणि बेर्तोने कारखान्यातील मार्चेल्लो गांदिनी यांनी तिच्यावर चढविलेला देह १९६६च्या मार्चमध्ये जिनिव्हात प्रकट झाला.

तथापि इंजिन व गिअरपेटी यांना एकच तेल पुरविण्याच्या योजनेमुळे दातेचक्रांच्या घर्षणातून सुटलेला धातूचा कीस इंजिनात शिरण्याचा धोका होता. शिवाय पेट्रोलची टाकी पुढील भागात असल्याने ती रिती होत जाई तसतसे वेगात गाडीचे नाक हलके होऊन उचलले जाई. १९६८च्या 'एस' आवृत्तीत शक्ती ३५० वरून ३७० अश्वशक्तीवर गेली व अंतर्भागही अधिक सुखावह झाला. पण खरी दुरुस्ती १९७१च्या 'एसव्ही'त दिसते. तिथे मागची चाके रुंद झाली, त्यांना सामावण्यासाठी कमानी फुगल्या, दिव्यांभोवतीच्या काळ्या पापण्या गेल्या, शक्ती ३८५वर पोहोचली आणि तिच्या उत्तरकालीन गाड्यांत दोन्ही तेले विभक्त झाली. पापण्यांची मोहिनी मान्य करूनही, यंत्र म्हणून 'एसव्ही'च सर्वांत परिपक्व मिउरा होय.

१९७३ साली तिचे उत्पादन थांबले.