रोहिणीमागची जोडपी

लक्ष्मीपूजनाची रात्र अवसेची. फटाक्यांचा धूर ओसरल्यावर, साडेनऊ-दहाच्या सुमारास कळसच्या माळावरून पूर्वेला कृत्तिकांचा पुंजका आणि त्याखाली तांबूस रोहिणी सहज ओळखू येते. रोहिणी आपल्यापासून ६५ प्रकाशवर्षांवर. तिच्याच रोखाने, पण कितीतरी मागे, सुमारे ४५० प्रकाशवर्षांवर धूळ आणि वायूचे काळे ढग पसरलेत आणि त्यांत तारे जन्म घेताहेत.

पाठ्यपुस्तकातला तारा एकटाच जन्मतो. चित्र सोपं आहे म्हणून टिकलंय. प्रत्यक्षात सूर्यासारख्या ताऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांना जोडीदार असतो. मग भोवतालचा वायू दोघांच्या वाट्याला येतो कसा? दोघे एकमेकांभोवती फिरताना भोवतालच्या वायूच्या चकतीचा मधला भाग रिकामा करून टाकतात. ही पोकळी ओलांडून काही आत येत असेल का, हीच शंका होती. १९९६ साली आर्टिमोविच आणि लूबो या संशोधकांनी संगणकावर गणित मांडून दाखवलं, की चकतीच्या आतल्या कडेपासून वायूच्या बारीक धारा सुटतात आणि ताऱ्यांपर्यंत पोचतात. कक्षा लांबट असेल, तर हा पुरवठा कालव्याच्या आवर्तनासारखा पाळीपाळीने येतो.

रोहिणीच्याच वृषभ राशीतल्या डीक्यू टौरी या जोडीत ही पाळी १५.८ दिवसांची आहे. दोघे अगदी जवळ आले की वायू कोसळतो आणि जोडी उजळते. दर फेरीला नाही, पण बहुतेक वेळा. त्याच सुमारास दोघांची चुंबकीय क्षेत्रंही एकमेकांत अडकून भडका उडतो.

आत येणारं सगळं ताऱ्याच्या पोटात जात नाही. वायूची गरगर कुठेतरी उतरवावी लागते, नाहीतर तो आत सरकणारच नाही. म्हणून चुंबकीय क्षेत्राच्या आधाराने काही वायू चकतीच्या वर-खाली, सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगाने फेकला जातो. एल १५५१ या ढगात असे परस्परविरुद्ध दिशांचे प्रवाह १९८० साली सापडले. त्यांच्या मुळाशी असलेला आयआरएस ५ हा एक तारा नव्हेच. १९९८ साली तिथे दोन चिमुकल्या चकत्या दिसल्या, आणि पुढे प्रत्येकीचा वेगळा झोतही. म्हणजे शेजारी-शेजारी राहूनही दोघांची चूल वेगळी!

इथे आपला पुणे जिल्हा गोष्टीत येतो. कळस इंदापूर तालुक्यात, दक्षिणेला. उत्तरेला जुन्नर तालुक्यातल्या खोडदला गोविंद स्वरूप यांनी उभारलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, सुमारे २५ किलोमीटर परिसरात विखुरलेल्या. तबकडी पत्र्याची नाही, पोलादी तारांच्या जाळीची. वारा आरपार जातो, मीटरभर लांबीच्या रेडिओलहरी मात्र अडतात. रेचल एन्सवर्थ आणि सहकाऱ्यांनी या दुर्बिणीतून आयआरएस ५, टी टौरी आणि डीजी टौरी यांचा वेध घेतला. टी टौरी तर तिघांचं कुटुंब. ३२३ आणि ६०८ मेगाहर्ट्झवर तिन्ही ठिकाणं सापडली. इतक्या कमी वारंवारतेवर सूर्यासारखे बालतारे त्याआधी कुणी टिपले नव्हते. निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. त्याआधी २०१४ साली डीजी टौरीच्या झोतात जवळपास प्रकाशवेगाने धावणाऱ्या इलेक्ट्रॉनांची चाहूलही याच दुर्बिणीने दिली होती. कौतुकाच्या भरात एक सांगायचं राहू नये: आयआरएस ५ मधली जोडी खोडदला एकच ठिपका दिसते, दोघांना वेगळं करण्याइतकी या लांबीच्या लहरींवर दुर्बिणीची नजर बारीक नाही.

या वेधांतून शोधायचं होतं ते वर्णपटातलं एक वळण. वारंवारता पुरेशी उतरली की तापलेला वायू स्वतःच्याच लहरी अडवू लागतो. ते वळण कुठे येतं यावरून भोवती वायू किती हे काढता येतं. ३२३ मेगाहर्ट्झपर्यंत ते आलंच नाही. वायूच्या वस्तुमानाची मर्यादा तेवढी ठरली. वळण गाठायचं तर आणखी खाली उतरावं लागेल, आणि तेही याहून बारीक नजरेने.