सायकलला आधी मागचा दिवा लावा

पंपाची वीज रात्रीची असली की पाणी धरायला मळ्यात जावेच लागते. भल्या पहाटे कुणाला डेअरीवर दूध घालायचे असते, मुलांना पहिली एसटी गाठायची असते. सायकल अंधारातच बाहेर पडते. दिवा घ्यायला दुकानात गेलो, की आपण पुढच्या दिव्याचा झोत किती लांब जातो तेवढे पाहतो. पण वाचकहो, खिशात बेताचेच पैसे असतील तर आधी मागचा लाल दिवा घ्या.

पुढचा खड्डा साध्या बॅटरीच्या उजेडातही दिसतो. पाठीमागून येणाऱ्याला मात्र आपण दिसत नाही. ताशी 60 किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला 16-17 मीटर कापते. चालकाचा पाय ब्रेकवर जाईपर्यंतच एवढे अंतर जाते. गाडी थांबायला आणखी लागते.

साधा लाल एलईडी दिवा शे-दोनशे रुपयांत मिळतो. तो सीटखाली बसवू नका. कॅरिअरवर वैरणीचा भारा आला की झाकलाच म्हणून समजा! मडगार्डच्या टोकाला बसवा. लुकलुकता ठेवला तर सेल जास्त टिकतात. पण अंतराचा अंदाज स्थिर दिव्यावरून चांगला येतो, म्हणून आमची पसंती स्थिर दिव्याला. जोडीला लाल रिफ्लेक्टर हवाच. त्याला सेल लागत नाहीत, मात्र चिखलाने माखला की तो असून नसल्यासारखा. पेडलचे पिवळे रिफ्लेक्टर वरखाली हलतात, त्यामुळे पुढे सायकल आहे हे लांबूनच कळते.

आता पुढचा दिवा. घरात जुना 6 व्होल्टचा डायनॅमो असेल तर खुशाल वापरा. सेलचा खर्च नाही. पण पाय जड होतात, पावसात तो टायरवर घसरतो आणि सायकल थांबली की दिवाही गेला. नवीनच घ्यायचे तर हँडलवरून काढता येणारी चार्जिंगची बॅटरी बरी. सायकल बांधाला टेकवून पाटाने पायी जाताना तीच हातात येते, आणि साप-किरडू असते ते तिथेच. जुन्या ट्यूबची पट्टी कापून ती हँडलला घट्ट आवळा. झोत 8-10 मीटरवर जमिनीवर पडू द्या, समोरच्याच्या डोळ्यांत नको.

खोक्यावर छापलेल्या उजेडाच्या आकड्यांवर जाऊ नका. अंधाऱ्या बोळात लावून पाहा. चार्जिंगच्या भोकाचे रबरी झाकण घट्ट बसते ना, तेही बघा. पावसाचे पाणी तिथूनच शिरते. आणि सेलवरचा दिवा बरेच दिवस लागणार नसेल तर सेल काढून ठेवा, ते पाझरले की आतल्या पट्ट्या गंजतात.